चित्रगोधडी आणि गांवची आठवण

गांवाचा इतिहास लिहावयाचा तर तो कागदावरच लिहिला पाहिजे, अशी सुशिक्षितांची समजूत असते. अमेरिकेंतील स्त्रियांनीं तो कापडावर शिवून दाखविला आहे. आपल्या गोधडीप्रमाणेंच तेथील ‘क्विल्ट’मध्यें कापडाचे थर एकावर एक ठेवून आरपार टांक्यांनीं जोडलेले असतात, वरच्या थरावर रंगीत कापडाच्या आकृति कातरून शिवल्या म्हणजे तिचीच चित्रगोधडी होते. हडसन नदीच्या कांठच्या स्त्रियांनीं १९६९ ते १९७२ या काळांत आपल्या नदीचीं दृश्यें अशा गोधडीवर उतरविलीं. पुढें १९७६ सालीं राष्ट्राच्या स्वातंत्र्यास दोनशें वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां तर गांवोगांव अशा गोधड्या तयार झाल्या. गांव वसविणाऱ्या आद्य वसाहतकारांचें स्मारक व्हावें, हा त्यांपैकीं पुष्कळांचा हेतु होता.

या उद्योगाची रीत साधी आहे. विषय आधीं ठरवावयाचे, सारख्या मापाचे चौकोन वांटून द्यावयाचे, प्रत्येकीनें आपला चौकोन घरीं पुरा करावयाचा, आणि अखेर सर्वांनीं एकत्र बसून थर शिवावयाचे. कसलेल्या हाताचा टांका आणि नवशिक्या हाताचा टांका शेजारीं शेजारीं नांदतात व गोधडी दोघांसही सांभाळून घेते. या गुणाविषयीं आम्हांस मनापासून आदर वाटतो. परंतु परीक्षण केवळ सद्धेतूपाशीं थांबूं शकत नाहीं. आमची तक्रार आहे ती विषयांच्या निवडीविषयीं. ओंडक्यांचें घर, चर्च, पाण्यावर चालणारी गिरणी, शाळा, कापडी छताची गाडी, हींच चित्रें एका गोधडींतून दुसरींत हिंडत असतात. गांवांचीं नांवें अदलाबदल केलीं तरी कोणाच्या लक्षांत येऊं नये, इतकें त्यांत साम्य! शिवाय पहिली गाडी येऊन थांबली त्या दिवशीं ती भूमि कोणाची होती, हें त्या चौकोनांवरून बहुधा कळत नाहीं. दहा जणींनीं बसून मंजूर केलेल्या आठवणीस ठरावाची कळा येते ती अशी.

मग चित्रगोधडीनें काय सांगावें? याचें उत्तर ज्यांस हवें असेल त्यांनीं हॅरिएट पॉवर्स या स्त्रीचें काम पाहावें. ती वसाहतकारांच्या कुळांतली नव्हे. जॉर्जिया संस्थानांत १८३७ सालीं ती गुलामगिरींत जन्मली. तिच्या हातच्या दोन गोधड्या आज संग्रहालयांत जपलेल्या आहेत. एक वॉशिंग्टन येथें स्मिथसोनियन संस्थेंत, दुसरी बॉस्टनच्या ललितकला-संग्रहालयांत. पहिलींत बायबलांतील कथा आहेत. दुसरी १८९५ ते १८९८ या काळांतली असून प्रस्तुत विषयास तीच अधिक जवळची आहे. तिच्या पंधरा चौकटींत आदम आणि ईव्ह, योना आणि त्याचा मासा, येशूचें क्रूसारोहण हे प्रसंग आहेत; आणि त्यांच्या अगदीं शेजारीं, तितक्याच मानानें, लोकांच्या तोंडीं असलेल्या गोष्टी बसल्या आहेत. १९ मे १७८० रोजीं भरदिवसां काळोख झाला, तो एका चौकटींत आहे. १३ नोव्हेंबर १८३३ च्या रात्रीं आकाशांतून तारे पडले, ते दुसरींत आहेत. १० फेब्रुवारी १८९५ ची जीवघेणी थंडी तिसरींत आहे. तेथें प्रार्थना करितां करितां गोठलेली बाई आहे आणि खेंचराच्या श्वासाचे झालेले हिमाचे सुळेही आहेत. आणखी एका चौकटींत एक डुकरीण आहे! तिचें नांव बेट्स, आणि ती जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत पांचशें मैल धांवत गेली, असें गोधडीबरोबर जपलेलें वर्णन सांगतें.

वाचकांनीं येथें थोडें थांबावें. पहिला काळोख पॉवर्सच्या जन्मापूर्वीं सत्तावन्न वर्षें पडला, आणि तारे पडले ते चार वर्षें आधीं. तिनें यांतलें कांहींच पाहिलें नव्हतें. तिच्याकडे तें ऐकीव परंपरेनें आलें. ज्यांस अक्षर शिकण्याची मनाई होती त्यांचा इतिहास असाच एका मुखांतून दुसऱ्या मुखांत जात राहिला आणि अखेर सुईच्या टोंकाशीं येऊन स्थिरावला. डुकरिणीचा विषय कोणत्याही समितीनें मंजूर केला नसता. कोणाचेंही न ऐकतां उत्तरेकडे पळत सुटलेलें तें जनावर गुलामगिरींत जन्मलेल्या स्त्रीस कां विसरवलें नसेल, याचा तर्क ज्यानें त्यानें करावा. आम्ही अर्थ लादूं इच्छीत नाहीं. मात्र तिचा तो चौकोन दुसऱ्या कोणत्याही गोधडींत बसणार नाहीं, एवढें निश्चित.

या कलेचें मोल काय झालें तेंही सांगितलें पाहिजे. पहिली गोधडी १८८६ सालीं अथेन्स नांवाच्या जॉर्जियांतील गांवीं प्रदर्शनांत मांडली होती. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेनें ती मागितली, तेव्हां पॉवर्सनें विकण्यास नकार दिला. पुढें घरीं ओढगस्त आली. दहा डॉलर मागून अखेर तिनें ती पांच डॉलरांस दिली. स्मिथबाईंनीं प्रत्येक चित्राचा अर्थ तिच्या तोंडून ऐकून टिपून ठेविला, हे त्यांचे उपकारच. विक्रीनंतर पॉवर्स आपली गोधडी पाहावयास पुन्हां पुन्हां येत असे. जिनें इतिहास शिवला तिला तो पाहण्यास परक्याच्या दारीं जावें लागलें, याहून बोलका चौकोन कोणत्या गोधडींत असेल?

आद्य वसाहतकारांचें स्मरण करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांचे कष्ट खरे होते. परंतु गोधडीस बसणाऱ्या स्त्रियांस विषयांची यादी देण्याआधीं एक प्रश्न विचारावा: तुमच्या आजीनें तुम्हांस कोणती गोष्ट वारंवार सांगितली? त्या उत्तरांत दुष्काळ येईल, सांथ येईल, एखादें जनावर येईल, आणि ज्यांस हांकून लावलें त्यांचीं नांवेंही येतील. तीं शिवण्याचें धैर्य असेल तर त्या गांवची गोधडी दुसऱ्या कोणत्याही गांवाची होऊं शकणार नाहीं.