उसना हशा : ‘मॅश’ मालिका आणि तिचे प्रेक्षक

‘मॅश’ ही अमेरिकेतील दूरचित्रवाणी-मालिका १७ सप्टेंबर १९७२ रोजी सुरू झाली व २८ फेब्रुवारी १९८३ रोजी संपली. कोरियातील युद्ध जेमतेम तीन वर्षे चालले. त्याच्यावरील ही मालिका अकरा वर्षे चालली, यावरून तिच्या लोकप्रियतेचा अदमास वाचकांस यावा. आघाडीच्या मागे तंबूंत थाटलेले एक फिरते लष्करी रुग्णालय, जखमी जवानांना घेऊन उतरणारी हेलिकॉप्टरे, आणि त्या गदारोळात आपले डोके ठिकाणावर राहावे म्हणून अखंड थट्टामस्करी करणारे शल्यविशारद, एवढेच तिचे भांडवल. (त्याच युद्धात आपले ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथकही १९५० पासून जखमींची सेवा करीत होते, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नसावी.) परंतु मालिकेचे गुणवर्णन करणे हा आमचा हेतू नाही. तिच्या प्रेक्षकांत एका प्रश्नावरून जे मतभेद झाले, त्यांचा आपल्या नाट्यविचाराशी इतका निकटचा संबंध आहे की त्यांची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तो प्रश्न हशाचा आहे. अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या तंत्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात एक यंत्र तयार केले. त्यात नाना प्रकारचे हसणे मुद्रित करून ठेवलेले असे व विनोदी कार्यक्रमाच्या ध्वनिपटात हवे तेथे ते मिसळता येई. ‘मॅश’चे कर्ते लॅरी गेल्बार्ट व जीन रेनॉल्ड्स यांना हा उसना हशा नको होता, सी. बी. एस. कंपनीस तो हवा होता. अखेर तडजोड अशी झाली की इतरत्र हशा घालावा, मात्र शस्त्रक्रियागृहातील प्रवेशांत तो ऐकू येऊ नये. इंग्लंडात बी. बी. सी. ने हीच मालिका हशा वगळून दाखविली. पुढे तिच्या चकत्या निघाल्या, त्यांत हशासह किंवा हशावाचून पाहण्याची सोय ठेवली आहे. म्हणजे एकाच कृतीचे दोन पाठ उपलब्ध झाले, आणि प्रेक्षकांतही सरळ दोन पक्ष पडले. हशावाचून मालिका पाहिलेल्या पुष्कळांना दुसरा पाठ असह्य वाटतो. उलट, ज्यांनी ती घरच्या मंडळींसमवेत हशासह पाहिली, त्यांना मुका पाठ ओकाबोका भासतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही व आमचे एक सहकारी यांनी काही भाग दोन्ही रीतींनी पाहिले. सहकारी गणिताचे शिक्षक; साहित्यशास्त्राचे ओझे त्यांच्या डोक्यावर नाही. त्यांचे मत हशाच्या बाजूने पडले. “एकट्याने हसायला माणूस संकोचतो, हेडमास्तर, चार माणसे हसली की आपणही हसतो,” असे ते म्हणाले. या म्हणण्यात तथ्य आहे. नाटकगृहात तरी दुसरे काय घडते? तथापि तेथील शेजारी आपल्यासारखाच तिकीट काढून आलेला असतो. त्याला विनोद रुचला नाही तर तो गप्प बसतो आणि त्याच्या गप्प बसण्याने नटाला घाम फुटतो. यंत्रातील प्रेक्षक कधीच गप्प बसत नाही. त्याचे मत आधीच ठरलेले आहे.

भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित. यांपैकी पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे. ‘मॅश’मधील हॉकाय हा शल्यविशारद (ही भूमिका ॲलन आल्डा यांची) जे बोलतो, त्यातील बराचसा भाग स्मिताचा आहे. ओठ किंचित हलावे आणि दुसऱ्याच क्षणी त्या बोलण्यामागील थकवा ध्यानात यावा, अशी त्याची धाटणी. यंत्राजवळ स्मित नाही, कारण स्मिताला आवाज नसतो. त्यामुळे सूक्ष्म विनोदालाही तेथे अपहसिताचा खळखळाट मिळतो आणि तो थकवा त्याखाली दडपला जातो. आमचा या हशाला मुख्य आक्षेप आहे तो हा.

आता १८ मार्च १९७५ रोजीच्या भागाकडे वळू. रुग्णालयाचा प्रमुख हेन्री ब्लेक हा भोळसट, सर्वांचा लाडका अधिकारी. त्याची सुटका होते व तो घरी जावयास निघतो. सारा भाग निरोपाच्या गमतीजमतींत जातो. शेवटी रडार हा कारकून शस्त्रक्रियागृहात येऊन सांगतो की हेन्रीचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले व त्यातील कोणी वाचले नाही. आल्डा वगळता नटमंडळींनाही हे शेवटचे पान ऐन चित्रीकरणाच्या वेळी देण्यात आले होते. प्रेक्षकांकडून पत्रांचा भडिमार झाला. कित्येकांनी संताप व्यक्त केला : आम्ही हसावयास बसलो होतो, हे काय केलेत? गेल्बार्ट व रेनॉल्ड्स यांनी त्यांपैकी अनेकांना स्वतः उत्तरे पाठविली.

या रागावलेल्या प्रेक्षकांना अरसिक म्हणून निकालात काढणे आम्हांस योग्य वाटत नाही. तीन वर्षे त्या हशाने त्यांना एक प्रकारचे अभयवचन दिले होते. शिवाय त्यांची तक्रार आपल्या शास्त्रकारांस अगदीच परकी वाटली नसती. हास्य व करुण हे परस्परविरोधी रस होत, असे साहित्यदर्पणकार विश्वनाथ सांगतोच. शास्त्राची ही मर्यादा गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त ओलांडली. त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने आमच्या बडोद्यातच त्याचा पहिला प्रयोग केला. सिंधूच्या संसाराची राख ज्या दारूने होते, तिच्यावरच तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ हशा पिकविते.

हे नाटक आम्ही अनेक वर्षे वर्गात वाचून दाखवीत आलो. एका वर्षी तळीरामाच्या प्रवेशाला सारा वर्ग हसला, एका मुलाने मात्र मान वर केली नाही. “अरे, येथे हास्यरस आहे,” असे आम्ही त्याला बजावले. त्याच्या घरची हकिकत आम्हांस पुढे कळली. ती येथे सांगण्याचे कारण नाही. डग्लसच्या यंत्राविषयी वाचताना ते वाक्य आम्हांस आठवले. आमच्या मार्गदर्शिकांतून व प्रश्नोत्तरांतूनही असाच हशा जागोजाग भरलेला असतो.

इतके सांगूनही हशाच्या विरोधकांशी आमचे सर्वस्वी जुळत नाही. १९७६ साली गेल्बार्ट मालिकेतून बाहेर पडले. पुढील वर्षांत हशा हळूहळू मंदावला, पण त्याच्या जागी उपदेश येऊन बसला. आरंभीच्या भागांचे चाहते याबद्दल कुरकुर करतात, ती आम्हांस रास्त वाटते. येथे रडा, येथे युद्धाचा धिक्कार करा, असे सुचविणारे संवादही प्रेक्षकाच्या वतीने मत देऊन मोकळे होतात. रिचर्ड हूकर या टोपणनावाने १९६८ साली मूळ कादंबरी लिहिणारे डॉ. हॉर्नबर्गर स्वतः कोरियात अशाच रुग्णालयात शल्यविशारद होते. त्यांनाही मालिकेचा हा युद्धविरोधी सूर रुचला नव्हता. तरी अखेरचा अडीच तासांचा भाग सुमारे साडेदहा कोटी लोकांनी पाहिला, तेव्हा बहुमत कोणीकडे होते हे उघड आहे.

हेन्रीचा भाग आम्ही प्रथम हशावाचून पाहिला. गणिताचे शिक्षक बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते आपण होऊन आले आणि तोच भाग हशासह लावावयास सांगितला. निरोपाच्या प्रवेशांत यंत्र नेहमीप्रमाणे हसत होते. मग रडार आत आला, आणि ठरलेल्या तडजोडीप्रमाणे ते थांबले. “काल ही शांतता मला ऐकू आली नव्हती,” ते म्हणाले. यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, अद्यापि सुचलेले नाही.