खाट, कठडा आणि माणूस

गेल्या वेळी आपण ‘वस्तूची नीती’ इथपर्यंत आलो होतो. काही जणांनी विचारलं, की सर, हे फार अमूर्त होतंय, एखादी वस्तू घ्या. म्हणून आज रुग्णालयातली खाट घेतो. आपण तिला कॉट म्हणतो, तीच.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये १९६०च्या दशकाच्या आरंभी एक संशोधन सुरू झालं. विषय होता शस्त्रक्रियेशी थेट संबंध नसलेली रुग्णालयीन साधनं. ब्रूस आर्चर हा त्यातला प्रमुख माणूस. अभ्यासाला चार प्रश्न घेतले होते: वापरलेली ड्रेसिंग टाकायचं भांडं, वॉर्डात औषधं देताना होणाऱ्या चुका, प्रमाणित खाट, आणि आगीच्या वेळी धूर अडवणारे दरवाजे, जे रोज कोणीतरी काहीतरी अडकवून उघडे ठेवत असे.

या चौथ्या प्रश्नाकडे नीट बघा, कारण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दरवाजा बंद राहिला पाहिजे हा नियम. आणि सिस्टर तो उघडा ठेवतात. आता प्रशासनाची सवय काय? परिपत्रक काढायचं. भिंतीवर पाटी लावायची. तरी उघडा दिसला तर मेमो द्यायचा. पण दोन्ही हातांत ट्रे घेऊन दिवसभर ये-जा करणाऱ्या बाईला दर खेपेला बंद दरवाजा आडवा येतो, तेव्हा तो अडकवून ठेवणं हा बेशिस्तपणा नाही. तिच्या कामातून निघालेला तो निष्कर्ष आहे. उत्तर काय निघालं, तर विद्युतचुंबक. दरवाजा एरवी उघडाच राहील, धोक्याची घंटा वाजली की चुंबक सुटेल आणि तो आपोआप बंद होईल. नियमही राहिला, बाईही राहिली. औषधांच्या बाबतीतही तसंच, कुलूप लावता येणारी ढकलगाडीच खाटेपाशी न्यायची आणि काम झालं की भिंतीशी अडकवून ठेवायची.

खाटेचं काम पुढे किंग्ज फंड या संस्थेसाठी झालं आणि तीच खाट ब्रिटनच्या रुग्णालयांत अनेक वर्षं रुळली. तिची मुख्य कल्पना म्हणजे उंची बदलणं. रुग्णाला उतरायचं तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणजे खाट बुटकी हवी. सिस्टरला त्याला कुशीवर वळवायचं तर तिची कंबर वाकता कामा नये, म्हणजे उंच हवी. पूर्वी या दोघांत कोणीतरी हरायचं, आणि बहुतेक वेळा सिस्टरची पाठ हरायची.

इथपर्यंत कौतुक. आता माझी तक्रार.

आर्चरचा पद्धतीवर फार विश्वास. काम बारीक तुकड्यांत पाडा, प्रत्येक गरज लिहा, क्रम लावा, मग उत्तर हाती येतं. अ‍ॅरिस्टॉटलने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या: टेख्ने, म्हणजे वस्तू घडवण्याचं ज्ञान, आणि फ्रोनेसिस, म्हणजे या प्रसंगी, या माणसाशी काय योग्य याचं भान. पद्धतीने पहिलं येतं. पण यादीत कोणती गरज ‘गरज’ म्हणून लिहायची, हे दुसऱ्याशिवाय ठरत नाही. दरवाजाचं उत्तर पद्धतीतून आलं असं पुस्तकी मंडळी सांगतात. मला तसं वाटत नाही. सिस्टरच्या ‘आळसा’त कारण असू शकतं, हे कोणाला तरी आधी मान्य करावं लागलं.

हे भान सुटलं की काय होतं ते खाटेच्या कठड्यात दिसतं. कठडा कशाला? रुग्ण पडू नये म्हणून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ पासून २००९च्या आरंभापर्यंत माणसं खाटेत, कठड्यात अडकल्याच्या ८०३ घटना नोंदल्या गेल्या, त्यांत ४८० मृत्यू. बहुतेक अशक्त, म्हातारी, गोंधळलेली माणसं. (माझ्या वयाला हा आकडा जरा वेगळाच वाचला जातो.) २००६ मध्ये त्या प्रशासनाने अडकण्याच्या सात जागा सांगितल्या, आणि डोकं शिरू नये म्हणून त्यांतल्या काही फटींना १२० मिलिमीटरची मर्यादा घातली. फटी मोजल्या हे बरंच झालं. पण म्हातारा रात्री तीनला कठडा ओलांडत का होता? बऱ्याचदा त्याला लघवीला जायचं असतं. ‘पडणं’ हा दोष यादीत आहे, ‘जायचंय’ ही गरज यादीत नाही. म्हणून आपण त्याच्याभोवती कुंपण घालतो. खाट पुरेशी खाली आणली, पायाशी दिवा ठेवला, ठरावीक वेळी कोणी विचारून गेलं, तर बऱ्याच ठिकाणी कठडा लागतच नाही.

स्वच्छतेचंही असंच. लंडनमध्येच अलीकडे केअरसेंटर नावाचं साधन झालं, खाटेच्या पायथ्याशी हातमोजे, एप्रन, हात चोळायचं द्रव, कचऱ्याची पेटी, सगळं एका जागी. विचार अचूक आहे: हात धुवायला वीस पावलं जावं लागलं, तर गर्दीच्या वेळी ती पावलं गळतात. पण प्रत्येक नवं साधन म्हणजे पुसायचा एक नवा पृष्ठभाग, आणि तो पुसणाऱ्या मावशीला आराखड्याच्या टेबलाशी कोणी बोलावतं का, हा माझा प्रश्न आहे.

आता आपल्याकडे ही खाट येते तेव्हा. लंडनच्या यादीत दोन माणसं होती, रुग्ण आणि नर्स. आपल्या सरकारी वॉर्डात तिसरं माणूस असतं, नातेवाईक. पाठ वर करायची मूठ तोच फिरवतो, बेडपॅन तोच देतो, सलाइन संपलं की सिस्टरना हाक तोच मारतो. म्हणजे खाट चालवणारा मुख्य माणूस तोच, आणि त्याला ती कशी चालवायची हे कोणी शिकवलेलं नाही. रात्री तो झोपतो कुठे? जागा मिळाली तर खाटेच्या शेजारी, नाहीतर खाटेखाली, पिशवी आणि डबा उशाशी घेऊन. उंची बदलणारी खाट आणताना, बटण दाबायच्या आधी खाली कोण झोपलंय ते बघायला लावणारं काही तिच्यात आहे का, हे खरेदीच्या कागदावर मला अजून कुठे दिसलेलं नाही.