मॅग्नेशियम मिश्रधातूंच्या उष्ण घडणीतील घर्षण व वंगण : एक चिकित्सा

नेर परसोपंत परिसरातील शेतकऱ्याच्या मुलास 'वंगण' हा शब्द शिकवावा लागत नाही. बैलगाडीच्या आसाला ते द्यावे लागते, हे तो बालपणापासून पाहत आलेला असतो. महाविद्यालयात मात्र हिंदी परिभाषेतील 'स्नेहक' त्याच्यापुढे येतो आणि ओळखीची वस्तू परकी होते. प्रश्न केवळ शब्दाचा असता, तर तो भाषातज्ज्ञांवर सोपविता आला असता. परंतु 'घर्षण कमी करणारा पदार्थ' ही वंगणाची रूढ व्याख्याही अपुरी आहे. मॅग्नेशियमच्या उष्ण घडणीत हा अपुरेपणा विशेष जाणवतो.

मॅग्नेशियमची घनता प्रति घन सेंमी. १.७४ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७० ग्रॅम, म्हणूनच वाहननिर्मितीत त्याचे आकर्षण आहे. तथापि षट्कोनी स्फटिकरचनेमुळे सामान्य तापमानास त्याचे अणुथर मुख्यतः एकाच प्रतलावर सरकतात व धातू तडकतो. त्यामुळे सुमारे ३ टक्के ॲल्युमिनियम व १ टक्का जस्त असलेला 'एझेड ३१' हा मिश्रधातू बहुधा २०० ते ४०० अंश सेल्सिअसला घडविला जातो. या तापमानात साधी तेले जळतात. टेफ्लॉन सुमारे २६० अंशांपलीकडे भरवशाचे राहत नाही. ग्रॅफाइट टिकते, पण त्याचा अवशेष पृष्ठभागावर राहिल्यास ओलाव्यात विद्युत्-रासायनिक क्षरण सुरू होते, आणि तो काढणेही सोपे नसते. म्हणजे घडणीत उपकारक ठरलेले वंगण पुढे वस्तूचाच नाश करू शकते.

असे असता संगणकीय प्रतिरूपणात संपूर्ण प्रक्रियेसाठी घर्षणगुणांक एकच धरण्याची प्रथा आक्षेपार्ह वाटते. तापमान, दाब व वंगणाची जाडी क्षणोक्षणी बदलत असताना गुणांक तेवढा स्थिर कसा राहील? शिवाय घर्षणजन्य प्रतिबल धातूच्या कर्तनबलापेक्षा अधिक होऊ शकत नाही. दाब वाढला की कूलोंबचा नियम येथेच लंगडा पडतो. मेल व कॉकक्रॉफ्ट यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली कड्याची चाचणी निश्चितच उपयुक्त आहे. कडे दाबल्यावर आतील व्यास आक्रसला तर घर्षण अधिक, रुंदावला तर कमी. परंतु तीत नवा पृष्ठभाग फारसा उघडा पडत नाही. बहिःसारणात तो मोठ्या प्रमाणात उघडा पडतो व तेथे वंगणाचा थर फाटतो. तेव्हा कड्यावर मिळालेला आकडा तेथे जसाच्या तसा वापरणे सयुक्तिक नव्हे.

घर्षण म्हणजे निव्वळ हानी, ही समजूतही तपासावयास हवी. ज्या बैलगाडीच्या आसाला वंगण लागते, तिच्याच चाकावर लोहार तापविलेली लोखंडी धाव चढवितो. निवताना ती आक्रसते व घर्षणाच्या बळावरच लाकडाला धरून राहते. पत्र्याच्या खोल ओढणीतही हेच दिसते : पकडीखालील कडेला वंगण हवे, ठोशाच्या टोकाशी मात्र थोडे घर्षण पत्र्यास फाटण्यापासून वाचविते. त्यामुळे 'वंगण' हा शब्द राखून व्याख्येत बदल करणे इष्ट ठरेल. साचा व धातू यांना विलग ठेवणारा, उष्णतेची देवघेव मंदावणारा आणि घर्षण स्थानपरत्वे नियंत्रित करणारा थर, असा अर्थ पाठ्यपुस्तकात आला, तर ग्रॅफाइटच्या डागाचा विचार विद्यार्थी घडणीनंतर नव्हे, तर वंगण निवडतानाच करील.