उन्हाळी संशोधनाला निघालेल्या मुलींसाठी तीन पुस्तकं

फेब्रुवारी संपत आला की कॉलेजातल्या मुलींची एक वेगळीच धावपळ सुरू होते. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत काम कुठे मिळेल? इंजिनिअरिंगवाल्यांचं बरं असतं. मकरपुऱ्याला जीआयडीसीत कुणा ना कुणाची ओळख निघते आणि मुलगा डबा घेऊन जायला लागतो. पण समाजशास्त्र, इतिहास, गृहविज्ञान किंवा साहित्य शिकणारी, स्त्री-अभ्यासाची गोडी लागलेली मुलगी मात्र गोंधळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप आणि संशोधन-इंटर्नशिपची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामुळे तर ही धावपळ आता घरोघरी पोचली आहे.

सल्ला देणारे पुष्कळ आहेत. बायोडेटा एका पानात बसवा, प्राध्यापकांना नम्रपणे ई-मेल लिहा, ‘मला या विषयाची मनापासून ओढ आहे’ असं लिहायला विसरू नका. यातलं काहीच चूक नाही. पण हा सल्ला फक्त दारातून आत कसं शिरायचं तेवढंच सांगतो. आत गेल्यावर हाती काय काम पडेल, ते कसं करायचं, त्याचं मोल कोण ठरवणार, याबद्दल चकार शब्द नाही. मुलीला दाखवायच्या दिवशी साडी कोणती नेसायची ते शिकवायचं आणि सासर कसं आहे ते विचारायचंच नाही, त्यातलीच ही गत.

मला वाटतं, तयारीची खरी पुस्तकं आपल्याकडे कधीचीच लिहून झाली आहेत. त्यांतली तीन मी इथे तपासायला घेते. तपासायला म्हणजे नुसतं कौतुक करायला नाही.

पहिलं आमच्या बडोद्याचंच. महाराणी चिमणाबाई यांनी एस. एम. मित्रा यांच्याबरोबर इंग्रजीत लिहिलेलं, भारतीय जीवनातल्या स्त्रियांच्या स्थानाविषयीचं पुस्तक १९११ मध्ये निघालं. सयाजीरावांबरोबर केलेल्या प्रवासात महाराणींनी परदेशातल्या बायका काय काय कामं करतात, त्यांच्या संस्था कशा चालतात हे पाहिलं होतं. त्यातलं आपल्याकडे काय करता येईल, असा या पुस्तकाचा रोख. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका राणीने बायकांना हळदीकुंकवाचं महत्त्व न सांगता रोजगाराचा विचार मांडावा, हे मला आजही मोठं वाटतं. पुढे १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्याला भरलं, त्याच्या अध्यक्षही त्याच होत्या.

पण या पुस्तकात एक उणीव आहे आणि संशोधनाला निघालेल्या मुलीने ती नेमकी ओळखावी. इथे बाई दिसते ती वरून. तिच्यासाठी काय करावं याचा विचार भरपूर, पण तिचं स्वतःचं म्हणणं काय, ते ऐकू येत नाही. शिवाय पुस्तक इंग्रजीत. ज्या बाईबद्दल ते लिहिलं, तिच्या हाती ते पडणारच नव्हतं. आज आपण सर्वेक्षणाचा कागद घेऊन एखाद्या वस्तीत जातो, चाळीस प्रश्न विचारतो, इंग्रजीत अहवाल लिहितो आणि परत कधी तिकडे फिरकत नाही, तेव्हा आपण राजवाड्याच्या गच्चीतूनच पाहत असतो. राजवाडा तेवढा नसतो.

दुसरं पुस्तक ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२ चं. याचं मूळ आमच्याकडच्या गुजरातेत आहे, हे मराठी वाचकही विसरतात. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर तान्ह्या बाळाच्या हत्येचा खटला चालला. आधी तिला फाशी सुनावली गेली, नंतर शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ते वाचून बुलढाण्यात बसलेल्या ताराबाई संतापल्या आणि त्यांनी हे पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे पदवी नव्हती, मार्गदर्शक नव्हते. होतं ते वर्तमानपत्र आणि एक प्रश्न: दोष दोघांचा असताना शिक्षा एकटीला का?

शोधनिबंधाच्या मापाने मोजलं तर या पुस्तकात पुष्कळ काही नाही. ताराबाई आकडे देत नाहीत, सुरतेला जाऊन कुणाशी बोलत नाहीत, राग आला की मुद्दा सोडून पुढे धावतात. तरीही प्रश्न कसा धरावा हे इथेच शिकावं. ‘स्त्रियांचे प्रश्न’ असा गठ्ठा त्या उचलत नाहीत. एक खटला, एक बातमी, एक अन्याय एवढंच धरतात आणि त्याच्या मुळाशी जातात. अर्जात ‘मला लिंगभाव, समता आणि सक्षमीकरण यांत रस आहे’ असं लिहिणाऱ्या मुली शेकड्यांनी असतात. त्यातली एखादी ‘वडोदरा-सुरत अपडाऊन करणाऱ्या बायकांचा दिवस किती वाजता सुरू होतो, मला शोधायचं आहे’ असं लिहिते. बोलावणं कुणाला येईल, तुम्हीच सांगा.

या पुस्तकाची आणखी एक गोष्ट. पुढे ते विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणलं, म्हणजे मधे ९३ वर्षं गेली. ज्यांना वाटतं की ग्रंथालयात जुने कागद उलटणं म्हणजे दुय्यम काम, त्यांनी ही ९३ वर्षं ध्यानात ठेवावीत. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला हंसा मेहतांचं नाव आहे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे इंग्रजी शब्द जाऊन ‘सर्व माणसं’ आली, ती त्यांच्या आग्रहामुळे. शब्दावर अडून बसणं हीसुद्धा संशोधकाची तयारीच.

तिसरं पुस्तक मला या तिन्हींत सरस वाटतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, १९८९ चं. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत बायका होत्या, हे सगळे मोघम म्हणत. कोण होत्या, काय करत होत्या, ते या दोघींनी शोधून काढलं. उर्मिलाबाई सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या. पुस्तकाचा एक भाग इतिहासाचा आहे आणि दुसऱ्या भागात त्या बायका स्वतः बोलतात. चिमणाबाईंच्या पुस्तकात जे नाही, ते इथे आहे. ताराबाईंनी जे केलं नाही, म्हणजे दारी जाऊन विचारणं, तेही इथे आहे.

मुलाखत घ्यायला निघालेल्या मुलीने हे पुस्तक आधी वाचावं. आपल्याकडची बाई ‘मी काय केलं हो, काही नाही’ इथूनच सुरुवात करते. साल विचारलं तर सांगता येत नाही, पण ‘थोरली पोटात होती तेव्हा’ हे बरोबर आठवतं. मग त्या थोरलीचं वय काढून साल लावायचं आणि कागदपत्राशी ताडून पाहायचं. ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी मागायची, नाव छापायचं की नाही ते विचारायचं, आणि तिने सांगितलेलं तिच्याच बोलीत उतरवायचं. एका तासाचं बोलणं कागदावर यायला चार-पाच तास सहज जातात. बडोद्याच्या मुलीला मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही येतात. ती ते बायोडेटात शेवटच्या ओळीत लिहिते. अगं, ते सगळ्यांत वर लिही! तुझ्यासारखी दुभाषी मिळायला मोठ्या शहरातल्या संस्था शोधत फिरतात.

आता पैशाची गोष्ट, जी सल्ला देणारे टाळतात. माझ्या ओळखीची एक मुलगी बाहेरगावी एका संस्थेत दोन महिने काम करून आली. मानधन शून्य, खोलीचं भाडं बापाचं, आणि काम बरंचसं टायपिंगचं. अहवालात तिचं नावही नाही. तिच्या वर्गातल्या दुसरीला हेच काम मिळत होतं, पण तिची आई शिवणकाम करते. ती गेली नाही. म्हणजे बायकांच्या गरिबीवर संशोधन कोण करणार, तर जिला गरिबी परवडते ती!

हे मला फार खटकतं, कारण या विद्येने आपल्याला शिकवलं तेच मुळी हे की बाईचं फुकटचं काम हे काम असतं. ‘समतेकडे’ हा सरकारी समितीचा अहवाल आला १९७४ मध्ये. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटीत नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र उभं केलं. तिथून इथपर्यंत येताना ज्यांनी घरकामाची मिनिटं मोजायला लावली, त्यांच्याच दारी मुलींचे दोन महिने मोजले जाऊ नयेत? म्हणून मुलींनो, विचारा. रोज किती तास, मानधन किती, प्रवासखर्च कोण देणार, नाव कुठे येणार. आणि हेही विचारा की तक्रार समिती आहे का. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी काम करणाऱ्यांनाही लागू आहे आणि दहा माणसं काम करतात तिथे ही समिती असावीच लागते. विचारलं म्हणून काम गेलं, तर ते काम गेलेलं बरं.

आणि बाहेरगावीच जायला हवं असंही नाही. इथे विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं केंद्र आहे, ग्रंथालय आहे, चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय आहे, दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात जुन्या मराठी घरांतून ऐंशी-नव्वदीच्या आज्या आहेत. त्यांना विचारायला अजून कुणी गेलेलं नाही, आणि त्या थांबणार नाहीत.

शेवटचं सांगणं आयांना. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६, बायका ८१. पुढच्या २०२४ च्या पाहणीत बायकांची दहा मिनिटं कमी होऊन २८९ झाली. आनंद मानावा तर पुरुषांचीही नऊ कमी होऊन ८८ वर आली! आपल्या घरी ही मिनिटं सर्वांत वाढतात ती नेमकी मे महिन्यात. पापड, सांडगे, वर्षभराचं धान्य भरणं, आलेगेले पाहुणे. मुलगी घरात आहे म्हटल्यावर तिचे दोन महिने त्यातच जिरतात, आणि जूनमध्ये आपण विचारतो, ‘सुट्टीत केलंस काय?’ तिला टेबल द्या, दुपारचे चार तास द्या, हाक मारू नका. पापडांचं काय, म्हणाल. तिचा भाऊही सुट्टीवरच आहे ना?