‘रेकॉर्ड अपडेटेड सक्सेसफुली’: एका प्रॅक्टिकलचे परीक्षण

डीबीएमएसच्या जर्नलमध्ये शेवटाकडे एक प्रॅक्टिकल हमखास असते: प्रोग्राममधून टेबलमध्ये रेकॉर्ड घालणे आणि बदलणे. तुम्ही कुठल्याही विद्यापीठात शिकत असा, नमुना जवळपास हाच असतो. स्टुडंट नावाचे टेबल, त्यात रोल नंबर, नाव, गुण. कनेक्शन उघडायचे, प्लसच्या चिन्हाने नाव आणि गुण क्वेरीला चिकटवायचे, क्वेरी चालवायची आणि स्क्रीनवर छापायचे, ‘रेकॉर्ड अपडेटेड सक्सेसफुली’. नमुना लहान आहे, अर्ध्या तासात चालतो, ही त्याची जमेची बाजू. माझे म्हणणे एवढेच, की तो एकाच माणसाने वापरायच्या लॅपटॉपवर, साध्यासुध्या नावांपुरताच चालतो.

चिकटवण्याचा दोष पटकन सांगून टाकतो. गोव्यातल्या किंवा वसईच्या डिसोझाला इंग्रजीत नाव लिहिताना ‘डी’नंतर अपॉस्ट्रॉफी लागतो. क्वेरीच्या लेखी नाव तिथेच संपते आणि इन्सर्ट फसतो. मग विद्यार्थी काय करतात? नावातला अपॉस्ट्रॉफी काढून टाकतात! प्रोग्राम चुकीचा आणि नाव बदलायचे त्या बिचाऱ्याने. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते याच फटीतून शिरते. उपाय प्लेसहोल्डरचा: क्वेरी आधी, किमती नंतर वेगळ्या. जावामध्ये प्रश्नचिन्ह, पायथनच्या मायएसक्यूएल कनेक्टरमध्ये टक्क्याचे चिन्ह आणि एस. इथे एक सापळा आहे. क्वेरी आणि किमती यांच्यामध्ये स्वल्पविराम हवा. तिथे टक्क्याचे चिन्ह टाकलेत तर पायथन स्वतःच मजकूर जोडून मोकळा होतो आणि तुम्ही पुन्हा चिकटवण्यावर येता.

आता तो संदेश. व्हायवाला मी विचारतो, वर्गात नसलेला रोल नंबर दिला तर प्रोग्राम काय छापेल? उत्तर: सक्सेसफुली. कारण एकही ओळ न जुळणे ही एसक्यूएलच्या दृष्टीने चूक नाही. अपडेट किती ओळींना लागला तो आकडा परत येतो, पण नमुना तो पाहतच नाही. आकडाही समजून घ्यावा लागतो. मायएसक्यूएलमध्ये जुनीच किंमत पुन्हा लिहिली तर पीएचपी शून्य सांगते, तर जावाचा ड्रायव्हर जुळलेल्या ओळी मोजून एक सांगतो. एकाचा कोड दुसऱ्याने उतरवला की गोंधळ ठरलेला.

पण या नमुन्याची खरी उणीव वेगळी आहे. टेबलमध्ये त्याच क्षणी दुसरेही कोणी लिहीत असेल, हा विचारच त्यात नाही. त्यासाठी स्टुडंट टेबल सोडून रेल्वेच्या आरक्षणाकडे चला. दिल्लीत १९८५ मध्ये संगणकीय आरक्षण सुरू झाले, मग तेव्हाचे कलकत्ता, मुंबई, चेन्नई आणि सिकंदराबाद इथे केंद्रे झाली. प्रत्येक केंद्राचा डेटा ज्याचा त्याच्याकडे. ‘क्रिस’च्या कॉन्सर्ट प्रणालीने १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे जोडली, आणि २००२ पासून घरबसल्याही तिकीट काढता येऊ लागले. म्हणजे हावडा-मुंबई गीतांजलीचा एकच बर्थ कोलकात्याच्या फेअरली प्लेसची खिडकी, नागपूर स्टेशनची खिडकी आणि कुणाचा तरी फोन एकाच वेळी मागू शकतात. कॉन्सर्टची आतली रचना आपल्या लॅबमधल्या मायएसक्यूएलसारखी नाही, पण कोडे आपल्या टेबलात मांडता येते.

जर्नलच्या पद्धतीने लिहा: बर्थ रिकामा आहे का ते सिलेक्टने वाचा, इफने तपासा, मग अपडेटने पीएनआर लिहा. दोन खिडक्यांनी एकाच वेळी वाचले तर दोघींना ‘रिकामा’ दिसेल. पहिली लिहील, तिच्यावर दुसरी लिहील. दोघींना आकडा एकच मिळेल, दोन्हीकडे सक्सेसफुली छापले जाईल. पहिल्या प्रवाशाच्या हातात तिकीट असेल आणि टेबलमध्ये तो नसेल.

म्हणून ‘रिकामा असेल तरच’ ही अट इफमध्ये न ठेवता अपडेटच्या व्हेअरमध्येच ठेवा: अमुक गाडी, अमुक तारीख, अमुक बर्थ, आणि पीएनआर नल. एक आला तर मिळाला, शून्य आला तर गेला.

इथे थांबलात तरी अपुरे आहे. आमच्यासारखा कोणी हावड्याहून नागपूरला उतरतो आणि त्याच बर्थवर दुसरा पुढे मुंबईला जातो. बर्थला एकच ओळ ठेवून भागत नाही. टप्प्यागणिक ओळ लागते. सोयीसाठी तीन टप्पे धरा: हावडा ते बिलासपूर, बिलासपूर ते नागपूर, नागपूर ते मुंबई. पूर्ण प्रवासाच्या तिकिटाला आकडा तीन यायला हवा. मधला टप्पा आधीच विकला असेल तर दोन येईल, आणि ते दोन परत घ्यायला हवेत. जावाच्या जेडीबीसीमध्ये ऑटोकमिट मुळात चालू असतो. तो बंद केला नसेल तर दोन टप्पे कायमचे अडकले, न छापलेल्या तिकिटापायी! पायथनच्या कनेक्टरमध्ये उलटे: तिथे कमिट विसरलात तर काहीच साठत नाही. तिकिटाच्या टेबलमधला इन्सर्टही याच ट्रान्झॅक्शनमध्ये हवा.

हे करून पाहायला दोन टर्मिनल पुरतात. पहिल्यात ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट चालवा आणि कमिट न करता थांबा. दुसऱ्यात तोच बर्थ मागा. दुसरे टर्मिनल अडून राहील. आता पहिल्यात कमिट केलेत तर दुसऱ्यात शून्य येईल. काहीच केले नाहीत तर मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगला ५० सेकंदांनी दुसऱ्याला एरर देईल. त्या एररने फक्त ते एक वाक्य रद्द होते, आधी केलेले बदल तसेच लटकत राहतात. रोलबॅक तुमच्या कॅच ब्लॉकने करायचा असतो. जर्नलच्या नमुन्यात तो ब्लॉक फक्त एरर छापतो.