बँडमास्तर घडतो कुठे?

जानेवारी आला की शालेय बँडच्या स्पर्धांच्या चित्रफिती बघायच्या आणि चिडायचं, हा आता माझा वार्षिक कुळाचार झाला आहे. संरक्षण आणि शिक्षण या दोन मंत्रालयांनी मिळून भरवलेली राष्ट्रीय स्पर्धा हा त्यातला कळस: ब्रास आणि पाइप, मुलगे आणि मुली असे चार गट, प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर दिल्लीत अंतिम फेरी. कडक इस्त्रीचे गणवेश, तुरे, सरळ रेषेत हलणाऱ्या रांगा. आता डोळे मिटून ऐका. बेस ड्रम बाकी सगळ्यांना गिळतो. ट्रंपेट तार षड्जाला पोचेपर्यंत चढलेला असतो, क्लॅरिनेट खालीच राहिलेली असते, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. त्यांना ऐकायला कुणी शिकवलेलंच नाही. वळायला शिकवलं आहे.

मुलांवर माझा राग नाही, त्यांची मेहनत दिसते. मास्तरांवरही नाही, निदान पुरता नाही. पण हे मास्तर येतात कुठून आणि येताना काय शिकून येतात, हे या कौतुकसोहळ्यात कुणी विचारत नाही, त्याचा आहे.

येतात ते मुख्यतः दोन दारांनी. पहिलं दार लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडचं. पचमढीच्या लष्करी संगीत विभागात स्वरलिपी, हार्मनी, बँडसाठी रचना बांधणं हे सगळं कसून शिकवलं जातं. ही परंपरा इंग्रजांच्या नेलर हॉलची. क्रिमियाच्या युद्धात राणीच्या वाढदिवशी ब्रिटिश पलटणींचे बँड एकत्र वाजायला बसले आणि प्रत्येकाची पट्टी निराळी निघाली, या फजितीनंतर 1857 साली ती संस्था निघाली असं सांगतात. म्हणजे लष्करी बँडमास्तरच्या शिक्षणाची सुरुवातच बेसूरपणाच्या लाजेतून झाली. आपल्या शाळांनी त्यातली लाज सोडली आणि परेड उचलली. शिवाय निवृत्त बँडवाल्याला सवय असते पगारी, प्रौढ, हुकूम ऐकणाऱ्या वादकांची. अकरा वर्षांच्या मुलीच्या ओठांना किती वेळ फुंकणं झेपतं, दुधाचे दात पडत असताना ट्रंपेट द्यावा की थांबावं, हे त्याला कुठल्याच पलटणीत कुणी सांगितलेलं नसतं. दुसरं दार पी.टी.च्या सरांचं. शिट्टी गळ्यात असतेच. बिगुलही त्यांच्याच खात्यात जमा होतो.

बाकीचे मार्ग झटपट उरकतो. विलायती परीक्षा मंडळांच्या ग्रेड एका मुलाला एका पियानोपुढे बसवतात. शेजाऱ्याचं ऐकणं त्यांच्या अभ्यासक्रमाच्या केंद्रात नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक ते अलंकार ही शिडी एकट्या गवयाची आहे. व्हेनेझुएलाच्या मुलांच्या ऑर्केस्ट्रांचं आपण परिसंवादात कौतुक करतो आणि चहा पितो. स्नेहसंमेलनातला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणजे पेनड्राइव्हवरचा ट्रॅक आणि पुढे हातवारे. ढोल-ताशा पथकांबद्दल मात्र आदराने बोलायला हवं. ज्ञान प्रबोधिनी आणि रमणबागेच्या परंपरेत कोऱ्या मुलांना पावसाळ्याच्या काही आठवड्यांत तोंडी बोलांवरून हात बसवून देण्याची एक खरी अध्यापनपद्धत आहे आणि ताशाची तर्री शिकवणारा दादा कुठल्याही बी.एड.पेक्षा चांगला शिकवतो. पण ढोल एकमेकांच्या सुरात वाजवावे लागत नाहीत. बँडचं दुखणं नेमकं तिथे आहे.

मला ज्याच्याविषयी लिहायचं आहे तो मास्तर वेगळाच. गोव्याच्या चर्चशाळांतला मेस्त हा त्याचा पूर्वज. मुलाच्या हातात व्हायोलिन देण्याआधी तो त्याच्याकडून स्वर वाचून गाऊन घ्यायचा. गळा, डोळा, कान आणि मग बोटं, हा क्रम. छडीही होती, हेही नमूद करतो. या शिस्तीतून निघालेली माणसं कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत बँडांत, सिनेमांच्या वाद्यवृंदांत पसरली. माजोर्ड्याच्या अशाच एका मेस्तचा मुलगा अँथनी गोन्साल्विस. त्याने 1958 साली मुंबईत सेंट झेविअर्स कॉलेजात रागांवर बांधलेल्या रचनांसाठी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. प्यारेलाल त्याचा शिष्य. ‘सारे जहाँ से अच्छा’ची जी चाल प्रत्येक शाळा संचलनात वाजवते, तिचं 1945 चं बँडरूप प्रा. लोबो यांचं.

दुसऱ्या एका लोबोची गोष्ट याहून मोलाची. कलकत्त्याच्या ईडन गार्डनच्या बँडचा हा गोमंतकीय मास्तर. त्याच्याकडे व्हायोलिन आणि पाश्चात्त्य संगीत शिकलेला एक बंगाली मुलगा म्हणजे पुढे मैहरच्या दरबारात पोचलेले उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. 1918 च्या साथीत अनाथ झालेली मुलं तिथे होती. खाँसाहेबांनी त्यांचा वाद्यवृंद केला. वाद्यं पुरेशी नव्हती, तर बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग बनवला. मुलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तर सगळं कानावर चढवलं. रचना त्या मुलांसाठी, त्या वाद्यांसाठी बांधल्या. मैहर बँड आजही वाजतो. देशातला हा पहिल्या प्रतीचा शालेय ऑर्केस्ट्रा आहे, असं मी म्हणतो. संगीताच्या इतिहासकारांनी त्याला खाँसाहेबांच्या विक्षिप्तपणाच्या प्रकरणात टाकलं आहे, आणि शिक्षणशास्त्रवाल्यांनी तर कुठेच नाही.

समोर असलेल्या मुलांसाठी, समोर असलेल्या वाद्यांवर रचना बांधता येणं: बँडमास्तरच्या शिक्षणाचा गाभा एवढाच आहे असं मला वाटतं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

बिगुलच घ्या, गरीब शाळेत तोच असतो. त्याला पडदे नाहीत. निघतात पाच स्वर: सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग आणि प. नावं तीनच. अडाणी मास्तर यावर सिनेमातलं देशभक्तिगीत वाजवायला लावतो आणि मुलं रे-म शोधत फुंकत बसतात. जाणकार मास्तर तंबोरा लावतो. कारण बिगुलाचा तो गंधार म्हणजे खर्जाच्या तारेतून आपसूक ऐकू येणारा स्वयंभू गंधारच. पेटीचा गंधार त्याच्याहून चढा असतो. म्हणून बिगुलाबरोबर पेटी किंवा कीबोर्ड ठेवला की खटकतं, आणि सर ओरडतात, ‘जोरात फुंक!’ ज्याला हे कळतं तो बिगुलावर फक्त आधारस्वर ठेवेल, चाल मुलींच्या गळ्यातून घेईल आणि तीन स्वरांच्या वाद्यात सबंध शाळेचा कान तयार करील.

पाइप बँड तर आपल्याकडे हरवलेला खजिना आहे. स्कॉटिश पाइपला नऊ स्वर. त्याचा अखंड गुणगुणणारा आधारस्वर षड्ज धरला तर खाली कोमल निषाद, मग सा रे ग म प ध, पुन्हा कोमल निषाद आणि वरचा सा. हा शुद्ध खमाज थाट, तोही तंबोऱ्यासकट! पट्टी साधारण काळी पाच, किंचित चढी. वाद्याचा आवाज कमीजास्त करता येत नाही, मध्येच थांबवता येत नाही. म्हणून एकाच स्वराचे दोन आघात वेगळे करायला पाइपवाला मध्ये कण लावतो. भूप, दुर्गा त्यात अंगच्या कपड्यासारखे बसतात. आणि आपण काय वाजवतो? डोंगराळ स्कॉटलंडचे मार्च, नाहीतर ज्या गाण्यात शुद्ध निषाद हटकून आहे तीच गाणी, निषाद चुकवून.

ब्रासमध्ये अडचण निराळी. ट्रंपेटवर पडदे न दाबता लागणारा षड्ज काळी पाचचा, आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनचा. एकाच कागदावर दोघांना बसवलं तर काय होतं ते दिल्लीच्या चित्रफितीत ऐका. खरं म्हणजे षड्ज कुठेही धरणाऱ्या आपल्या मुलांना हे गणित विलायती मुलांपेक्षा सोपं जायला हवं. सांगणारा हवा.

सांगणारा कुठे तयार होणार? चित्रकलेच्या शिक्षकासाठी आपल्याकडे ए.टी.डी. आहे, मुलांसाठी एलिमेंटरी-इंटरमिजिएट आहे; घराघरांत त्या प्रमाणपत्रांची चौकट भिंतीवर असते. शालेय वाद्यवृंद शिकवण्याची तशी पदविका महाराष्ट्रात सर्वत्र रुजलेली मला दिसत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला, पट शंभराच्या वर असेल तर, कलेसाठी अंशकालीन निदेशक देतो. अंशकालीन! वाद्यवृंद रोज जमला नाही तर तो वाद्यवृंदच नाही. पण स्पर्धा वर्षातून एकदाच असते, त्यामुळे वर्षातून एकदाच सराव होतो आणि ट्रॉफी बारा महिने कपाटात राहते. स्पर्धा हीच या बँडची शत्रू आहे, असं म्हटलं की संस्थाचालक दुखावतात. दुखावोत. ज्या गुणपत्रिकेत पावलं सुरांच्या बरोबरीने बसतात, ती मास्तरला सांगते की पट्टीवर वेळ घालवू नकोस.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की असे मास्तर आहेतच कुठे. आहेत. तुमच्या लग्नात वाजवून गेले ते. गणपतीच्या मिरवणुकीत पुणेकर ज्या प्रभात बँडपुढे पाय रोवून ऐकत उभे राहतात, त्याच्यासारख्या बँडांत, सांगली-कोल्हापूरकडच्या गल्लीबोळांत. नाट्यगीत कानाने उचलून दहा तुताऱ्या-क्लॅरिनेटांत वाटून देणारी, नवा पोरगा आला की त्याला झेपेल एवढाच तुकडा काढून देणारी ही माणसं. अनेक घरं पिढीजात वाजंत्र्यांची, मातंग समाजाची. शाळेच्या फाटकातून ती आत येतात ती संस्थापकांच्या वाढदिवसाला, आणि वाजवून झालं की मागच्या अंगणात जेवायला बसतात. त्यांच्याकडे पदवी नाही, हे कारण मी मानत नाही. मैहरच्या खाँसाहेबांकडे कुठली बी.एड. होती?

तेव्हा पदविका काढायचीच असेल तर परीक्षा अशी घ्या: अनोळखी शाळेतली पंधरा मुलं, चार बिगुल, दोन बासऱ्या, एक साइड ड्रम, एक मोडकी पेटी. उमेदवाराने दुपारपर्यंत त्यांच्यासाठी दोन मिनिटांची रचना बांधावी आणि संध्याकाळपर्यंत ती सुरात बसवावी. उभ्याने, आडव्याने, वाटल्यास जमिनीवर मांडी घालून. पावलांना गुण शून्य. आणि परीक्षकांच्या टेबलावर पचमढीचा निवृत्त सुभेदार बसणार असेल, तर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर लग्नाच्या बँडचा मास्तर बसला पाहिजे, तेवढ्याच मानधनावर.