नावे बाजू, जमा बाजू

टीव्हीवर पुरस्कार सोहळा लागला की आमच्या नाहूरच्या घरात जेवणाची ताटे बाहेरच्या खोलीत येतात. परवा एक नट हातात बाहुली घेऊन 'पाणी वाचवा' म्हणून अगदी कळवळून सांगत होता. टाळ्यांचा कडकडाट! मी म्हटले, "वा, काय बोलला!" त्यावर ही म्हणाली, "पाणी वाया घालवा असं कोण म्हणतंय?"

मी पडलो बी.कॉम., त्यातून बँकेतला कारकून. भाषणातसुद्धा नावे काय नि जमा काय, हे बघायची खोड. जमेला टाळ्या होत्या. नावे टाकायला काही सापडेना. असे व्हाउचर आमच्या काउंटरवर पास होत नाही.

पुलंचे झाले असते. पहिलावहिला 'महाराष्ट्र भूषण' १९९६ साली युती सरकारने त्यांना दिला, आणि त्यांनी त्याच सरकारच्या राज्यातल्या ठोकशाहीबद्दल खंत बोलून दाखवली. बाळासाहेब ठाकरे भडकले. 'मोडका पूल' म्हणाले. (आयुष्यभर कोट्या केलेल्या माणसाला शेवटी कोटीनेच गाठले!) ज्याच्या हातून शाल घ्यायची त्यालाच ऐकवायचे, तेही उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना. त्यापेक्षा पाणी वाचवणे कितीतरी सोपे.

दुर्गा भागवतांनी तर १९७५ मध्ये, ऐन आणीबाणीत, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. स्वागताध्यक्ष कोण, तर केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण! पुढे बाईंना अटक झाली. याला म्हणतात दोन्ही बाजू जुळणे.

हॉलिवूडच्या मार्लन ब्रँडोचा हिशेब मात्र मला खटकतो. 'गॉडफादर'चे ऑस्कर नाकारायला १९७३ मध्ये तो स्वतः गेलाच नाही, साशीन लिटलफेदर या तरुण नटीला पाठवले. म्हणजे बेअरर चेक! अमेरिकेतल्या आदिवासींना सिनेमावाले कसे वागवतात ते तिने सांगितले. सभागृहात काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी हुर्यो केली, ती तिने सोसली. अकादमीने तिची माफी मागितली २०२२ साली. मुद्दा सोळा आणे खरा, पण जमा ब्रँडोच्या खात्यात आणि नावे त्या पोरीच्या.

एवढे बोलून मी ताटातला भात कालवला, तर ही म्हणाली, "आणि तुमचं घड्याळ?"

भिंतीवर एक घड्याळ आहे. उत्तम सेवेबद्दल मला मिळालेले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर म्हातारे येतात, तासतासभर उभे राहतात, त्यांना बसायला साधे बाकडे नाही, हे मी त्या दिवशी मोठ्या साहेबांसमोर बोलणार होतो. चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती. नाव पुकारले, फोटो निघाला, माइक हातात आला, आणि मी म्हणालो, "हे सारे साहेबांच्या मार्गदर्शनामुळे."

टाळ्या चांगल्या पडल्या होत्या. घड्याळ मात्र दहा मिनिटे मागे पडते. आणि बाकडे अजून आलेले नाही.